वाळूत रुतायला बांधलेलं जहाज

आरमारी जहाजाची सेवा-नोंद क्रियापदांवर बोट ठेवून वाचावी. तळ मांडला, पाण्यात सोडलं, सेवेत घेतलं, अमुक मोहिमेत भाग घेतला, सेवेतून काढलं, यादीतून वगळलं. अमेरिकन आरमाराने आपल्या लढाऊ जहाजांचा अनेक खंडांचा कोश काढला आहे. त्यात विमानवाहू जहाजांसाठी पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. रणगाडे उतरवणाऱ्या जहाजांच्या, म्हणजे एलएसटींच्या, वाट्याला मात्र बहुतेक वेळा एकच परिच्छेद येतो. एलएसटी-३२५चंही तसंच. ऑगस्ट १९४२मध्ये फिलाडेल्फियाच्या आरमारी गोदीत तळ मांडला, २७ ऑक्टोबरला जहाज पाण्यात सोडलं, १ फेब्रुवारी १९४३ला ते सेवेत आलं. पुढे सिसिली, इटली, नॉर्मंडी. त्यानंतर निवृत्ती.

हा मजकूर कोरडा आहे म्हणून पान उलटणारे पुष्कळ. मला त्यात एखाद्या जुन्या बखरीतल्या कलमासारखी घट्ट वीण दिसते. विशेषण एकही नाही, शौर्याचा उच्चार नाही, कुणाच्या मनात काय चाललं होतं याचा पत्ता नाही. पण ज्याला या जहाजाचा घाट ठाऊक आहे, त्याला त्याच ओळींमधून इंजिनांची घरघर ऐकू येते. तेव्हा आधी घाट पाहू.

कुठल्याही जहाजाच्या नोंदीत ‘किनाऱ्यावर चढलं’ असे शब्द आले की त्यापाठोपाठ चौकशी येते, कप्तानाची नोकरी धोक्यात येते. एलएसटीचं कामच ते. भरल्या पोटाने समुद्र ओलांडायचा, समोरच्या पुळणीवर नाळ, म्हणजे पुढचं टोक, घुसवायची, दारं उघडायची, पोटातले रणगाडे कोरड्या वाळूवर काढून द्यायचे आणि उलट्या पावली निघून पुन्हा माल भरायला जायचं. बाकीची जहाजं जे टाळण्यासाठी जीव टाकतात, ते याने रोज करायचं. या एका गोष्टीपासून त्याचं सगळं रूप ठरलं आहे.

गरज निर्माण झाली ती १९४० साली डंकर्कहून ब्रिटिश सैन्याला माघार घ्यावी लागली तेव्हा. माणसं बऱ्याच प्रमाणात परत आणता आली, पण तोफा, गाड्या, रणगाडे फ्रान्समध्येच टाकावे लागले. युरोपात पुन्हा पाऊल ठेवायचं तर जड सामान बंदराशिवाय उतरवता आलं पाहिजे, ही चर्चिलची ओढ होती. सुरुवातीला व्हेनेझुएलाच्या मराकाइबो सरोवरातल्या उथळ पाण्यात चालणारी तेलवाहू जहाजं घेऊन त्यांची नाळ कापून बघितली गेली. काम भागलं, पण जेमतेम. नोव्हेंबर १९४१मध्ये ब्रिटिश मंडळी अमेरिकन आरमाराच्या जहाज-विभागाकडे आली आणि तिथल्या जॉन नीडरमायर या रचनाकाराने काही तासांत एक बेढब आकृती कागदावर काढली. पुढे ज्या १,०५१ एलएसटी बांधल्या गेल्या, त्यांचं मूळ त्या आकृतीत आहे.

नीडरमायरपुढचा पेच मोठा सुंदर होता. महासागर ओलांडायचा तर जहाज पाण्यात खोल बसायला हवं, नाहीतर लाटा त्याला चेंडूसारखं उडवतील. किनाऱ्याला लागायचं तर ते उथळ हवं, नाहीतर रणगाडा गळाभर पाण्यात उतरेल. दोन्ही मागण्या एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या. त्याने दोन्ही मान्य केल्या. बुडाशी मोठाल्या टाक्या ठेवल्या. समुद्रावर असताना त्या पाण्याने भरायच्या, जहाज खाली बसतं. किनारा आला की पाणी उपसून टाकायचं, जहाज वर येतं. पाचशे टन माल घेऊन पुळणीला लागताना ते पुढच्या बाजूला जेमतेम ४ फूट आणि मागे सुमारे १० फूट पाण्यात बसतं. म्हणजे बुडालाच उतार दिलेला आहे, आणि तो पन्नासात एक असा हिशेबाने धरलेला. समोरच्या किनाऱ्याचा जो उतार असेल असं गृहीत धरलं, तोच बुडाला दिला. किनारा आधीच पोलादात उतरवून घेतला आहे असं म्हणायला हरकत नाही. रचनेत असं क्वचितच घडतं.

लांबी ३२८ फूट, रुंदी ५०. पोटात एकच लांबलचक दालन, ज्यात वीसेक शर्मन रणगाडे एकामागे एक बसतात. या बंद दालनात सगळ्यांनी एकदम इंजिन सुरू केलं तर माणसं धुराने गुदमरतील, म्हणून छतात पंखे आणि नळ घातले. हा वायुवीजनाचा हिशेब कागदावर सोडून न देता केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, समुद्रापासून शेकडो मैलांवर, दालनाची हुबेहूब प्रतिकृती उभारून त्यात रणगाडे चालवून बघितले. पुढे नाळेची दोन दारं कवाडांसारखी उघडतात, मागून उताराची फळी खाली पडते. दाभोळ-धोपाव्याच्या जंगलजेटीवर ज्यांनी गाडी चढवली आहे, त्यांना ती फळी धाडकन धक्क्यावर टेकल्याचा आवाज सांगायला नको. फरक एवढाच, की इथे समोर धक्का नसतो.

पण या जहाजाचा खरा रसिक नाळेपाशी रेंगाळत नाही, तो मागे जातो. मागच्या बाजूला एक नांगर आहे आणि त्याला मोठ्या रहाटावर गुंडाळलेला लांब पोलादी दोर. किनारा काही शे फुटांवर आला की हा नांगर टाकायचा. जहाज पुढे जात राहतं, दोर मागे सुटत जातो, नाळ वाळूत घुसते. माल उतरला की रहाट उलटा फिरवायचा, इंजिनं पूर्ण मागे, टाक्या रिकाम्या, आणि जहाज आपल्याच दोराला धरून स्वतःला वाळूतून ओढून काढतं. येण्याच्या क्षणीच परत जाण्याची सोय करून ठेवायची! दोर तुटला, नांगराने पकड सोडली किंवा घाईत तो लवकर टाकला गेला, तर जहाज आडवं वळून किनाऱ्यावर कायमचं पडायचं. नांगर नेमका केव्हा टाकायचा, हे कप्तानाने लाटा आणि वाळू बघून ठरवायचं. सेवा-नोंदीत या निर्णयाचा उल्लेख कधीच येत नाही. प्रत्येक ‘भाग घेतला’ या शब्दांत तो दडलेला असतो.

आता पुन्हा नोंदीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे जहाजाला नाव नाही. विनाशिकांना शूरांची नावं मिळाली, क्रूझरांना शहरांची, एलएसटींना आकडे. हजारावर जहाजं बांधायची तर नावं कुठून आणणार, हे खरं. १९५५ साली यादीत उरलेल्या पुष्कळ एलएसटींना अमेरिकन परगण्यांची नावं देण्यात आली. ३२५च्या नशिबी तेही नव्हतं. मात्र आकडा म्हणून वाचताना वाचकाचं मन निबर होतं, हे मी अनुभवाने सांगतो. २८ एप्रिल १९४४च्या रात्री इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्लॅप्टनजवळच्या सरावात जर्मन टॉर्पेडो-बोटींनी ५०७ आणि ५३१ या दोन एलएसटी बुडवल्या. त्या एका सरावात सातशेहून अधिक अमेरिकन गेले. बुडालेल्या जहाजांना नावं असती तर ती रात्र जास्त लोकांच्या लक्षात राहिली असती असं मला वाटतं.

३२५चं पहिलं वर्ष भूमध्य समुद्रात गेलं. मार्च-एप्रिल १९४३मध्ये अटलांटिक ओलांडून अल्जीरियाचं ओरान, मग महिनोन्‌महिने किनाऱ्याला लागण्याचा आणि माल चढवण्या-उतरवण्याचा सराव, जुलैत सिसिलीतल्या ‘गेला’ या गावाचा किनारा, सप्टेंबरात इटलीत सालेर्नो. नोव्हेंबरात इंग्लंडकडे निघालेल्या ताफ्यावर स्पेनच्या उत्तरेला जर्मन विमानांनी रेडिओने दिशा देता येणारे उडते बॉम्ब टाकले. त्या काळी हे शस्त्र नवं होतं. एलएसटीचा वेग अकरा-बारा नॉट, वळायला सुस्त, आकाराने मोठी. खलाशी म्हणायचे की एलएसटी ही अक्षरं ‘मोठं, मंद लक्ष्य’ याचीच आहेत. तरीही १,०५१पैकी शत्रूच्या माऱ्याने गमावल्या गेल्या फक्त २६. बुडाशी पसरलेल्या त्या टाक्यांनी आणि उथळ बसण्याने कितीदा वाचवलं असेल!

मग नॉर्मंडी. इथे चित्रपटांनी आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र कोरलं आहे ते थोडं बाजूला सारावं लागतं. ५ जून १९४४ला ३२५ फाल्मथहून निघालं ते राखीव ताफ्यात. पोटात अभियंता-दळाची माणसं आणि वाहनं. ६ तारखेच्या सकाळी नॉर्मंडीतल्या ‘ओमाहा’ या पुळणीवर जो नरसंहार झाला, त्यात ते नव्हतं. ७ जूनला ते किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभं राहिलं आणि माल लहान होड्यांत नि पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांत उतरवला गेला. म्हणजे ज्यासाठी बांधलं ती वाळू समोर असूनही नाळ तिला लागली नाही. काही लेखक इथे खट्टू होतात आणि जहाजाला एक दिवस आधी किनाऱ्यावर नेऊन ठेवतात. नोंद तसं करत नाही. तिच्यापुढे मी इथे मान तुकवतो.

कारण ३२५चं खरं नॉर्मंडी पुढे सुरू होतं. जून १९४४पासून १९४५च्या एप्रिलपर्यंत त्याने इंग्लिश खाडीच्या चाळीसहून अधिक फेऱ्या मारल्या. कोश मोहिमेचं नाव सांगून पुढे जातो. फेऱ्या त्या नावाच्या पोटात गडप होतात. आणि मला तर या फेऱ्यांतच या जहाजाचं काव्य दिसतं. नॉर्मंडीची भरती-ओहोटी मोठी, वीस फुटांच्या आसपास. पहिल्या दिवसांत अशी भीती होती की ओहोटीला एवढं मोठं जहाज वाळूवर उघडं पडलं तर त्याचा कणा मोडेल. कोंडी फुटावी म्हणून धोका पत्करला गेला, आणि कळलं की सपाट बूड वाळूवर नीट टेकतं. तेव्हापासून भरतीला यायचं, ओहोटीला तसंच बसायचं, रणगाडे आणि ट्रक पाय न भिजवता उतरवायचे, पुढच्या भरतीला तरंगून निघायचं, असा क्रम पडला. बंदरं, धक्के, क्रेन यांची वाट बघत न बसता सैन्याला खायला, लढायला मिळत राहिलं ते या क्रमामुळे. शेर्बुरच्या बंदरापर्यंत रेल्वेचे डबे न्यायचे होते, तर काही एलएसटींच्या त्याच दालनात रूळ टाकले.

परतीच्या फेरीत रिकामं दालन कशासाठी ठेवायचं? त्यात जखमी आणले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून एलएसटींनी एक्केचाळीस हजारांहून अधिक जखमी इंग्लंडला पोचवले. ज्या लोखंडी जमिनीवर जाताना रणगाड्यांचे पट्टे साखळ्यांनी आवळलेले असत, तिथेच येताना स्ट्रेचर लागत. जमीन कितीदा धुवावी लागली असेल याचा विचार मी टाळू शकत नाही.

२८ डिसेंबर १९४४ची नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते. साउदॅम्प्टनहून ल हाव्रकडे हजारावर अमेरिकन सैनिक घेऊन चाललेलं ‘एम्पायर जॅव्हलिन’ हे ब्रिटिश सैन्यवाहू जहाज खाडीत स्फोटाने जायबंदी झालं. बारा दिवस आधी आर्देनमध्ये जर्मनांनी मोठा हल्ला चढवला होता आणि आघाडीवर माणसं पोचवण्याची घाई होती. ‘एम्पायर जॅव्हलिन’ बुडत होतं. फ्रेंच फ्रिगेट ‘लेस्कार्मूश’ मदतीला धावली, आणि ३२५नेही जवळजवळ सातशे जणांना वर घेतलं. जिथे एक जहाज नुकतंच फुटलं, तिथे दुसरं उभं करणं म्हणजे खाली काय आहे हे ठाऊक नसताना थांबणं. सुरुंग असेल, पाणबुडी असेल. सुस्त म्हणून हिणवलेलं जहाज तिथे थांबलं. कप्तान लेफ्टनंट कमांडर क्लिफर्ड मोझिअर यांना यासाठी ब्राँझ स्टार मिळाला. या प्रसंगात जहाजाचा नेहमीचा क्रम उलटतो: आयुष्यभर पोटातली माणसं बाहेर काढणारं जहाज माणसांना पोटात घेतं. नोंदकाराने यावर एक शब्दही खर्च केलेला नाही, आणि मला वाटतं, करायलाही नको होता.

मे १९४५मध्ये ते मायदेशी निघालं. इथे एक प्रसंग घडला. अटलांटिकवर वादळ लागलं, नाळ एका प्रचंड लाटेवर आपटली आणि मुख्य डेकवर आडवी भेग पडली. सपाट बुडाची, उथळ बसणारी, घाईत वेल्डिंग करून जोडलेली ही जहाजं लाटेवर वाकतात. डेकवर उभं राहून बघणाऱ्याला ते वाकणं दिसतं. भेग पुढे सरकली असती तर जहाजाचे दोन तुकडे झाले असते. जहाजावरच्या लोहारकाम करणाऱ्यांनी भेगेवर आडव्या पोलादी पट्ट्या वेल्ड करून तिला रोखलं. वादळात, ओल्या डेकवर, हलत्या पोलादावर. ३१ मेला जहाज नॉरफोकला लागलं. युद्धात वाळूवर शेकडो वेळा आदळणाऱ्या अशा जहाजांना मोठा घोर वाळूचा नसे, खोल पाण्याचा असे, हे त्या भेगेतून कळतं. त्यांच्यासाठी किनारा हाच आधार आणि महासागर हाच धोका.

२ जुलै १९४६ला फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जला त्याची सेवा संपली. १९५१मध्ये पुन्हा काढलं ते लष्करी वाहतुकीसाठी: कॅनडाचा पूर्व किनारा आणि ग्रीनलंड, जिथे रडारची ठाणी उभारायची होती आणि बंदर नावाची गोष्ट नव्हती. बर्फाच्या पाण्यातही तेच काम. १९६१मध्ये यादीतून वगळलं.

१९६४ साली जहाज ग्रीसला गेलं आणि तिथे त्याला पहिल्यांदा नाव मिळालं, ‘सायरोस’, एका बेटावरून. डिसेंबर १९९९पर्यंत ते ग्रीक आरमारात होतं. म्हणजे पहिल्या अमेरिकन सेवेची साडेतीन वर्षं आणि ग्रीसची पस्तीस. अमेरिकन कोशात या पस्तीस वर्षांना जेमतेम अर्धी ओळ: ग्रीसला दिलं. नोंदीवरचं माझं प्रेम इथे कमी होतं. ज्या देशात शेकडो बेटं आहेत आणि बेटाबेटाला खोल धक्का मिळणं अवघड, तिथे नाळ उघडून माल उतरवणारं जहाज मोलाचं असतं. एवढ्या वर्षांत त्या बेटांना त्याने काय काय दिलं असेल, याचा हिशेब मोहिमांच्या यादीत मावत नाही. जहाज जुनं झालं म्हणून त्याची कथा संपते हा समज नोंदकाराचा, जहाजाचा नव्हे. आपल्याकडेही याच जातीचं ब्रिटिश बांधणीचं ‘एचएमएस अव्हेंजर’ १९४९मध्ये भारतीय आरमारात आलं आणि ‘मगर’ झालं. भारतीय आरमाराची पुढची उतरणी जहाजं घडली ती या पहिल्या ‘मगर’वर हात बसवलेल्यांच्या परंपरेत, आणि नवीन बांधलेल्या जहाजाला १९८७मध्ये तेच नाव पुन्हा दिलं गेलं. ‘मगर’च्या कथेतला ब्रिटिश भाग छोटा आणि भारतीय भाग मोठा आहे, हे आपण सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार?

२००० सालच्या उन्हाळ्यात क्रीटच्या सूडा उपसागरात निवृत्त अमेरिकन खलाशांचा एक गट येऊन दाखल झाला. सरासरी वय ७२. त्यांच्यातले बरेच जण तरुणपणी एलएसटींवर होते. जहाज रंग उडालेलं, गंज चढलेलं, पण हाडाने शाबूत. पंप, झडपा, वीज, सुकाणू, सगळं त्यांनी हातांनी पुन्हा चालतं केलं. दोन्ही इंजिनं जनरल मोटर्सची बारा सिलिंडरची. त्याच घराण्यातली इंजिनं अमेरिकन रेल्वेतही होती, म्हणून सुटे भाग मिळू शकले. १४ नोव्हेंबरला ते क्रीटहून निघाले, जिब्राल्टरला थांबून १२ डिसेंबरला अटलांटिकमध्ये शिरले आणि १० जानेवारी २००१ला अलाबामातल्या मोबीलला पोचले. सुमारे साडेसहा हजार मैल, कप्तान रॉबर्ट जॉर्नलिन. हिवाळी अटलांटिकवर सपाट बुडाचं, साठीला टेकलेलं जहाज, आणि चालवणारे त्याहूनही वयाने मोठे. ज्यांनी १९४५ची ती भेग वाचली आहे, त्यांना या प्रवासाची किंमत वेगळी वाटते.

२००५पासून ते इंडियानातल्या एव्हान्सव्हिलला, ओहायो नदीवर आहे. समुद्रापासून इतकं आत का, तर युद्धकाळात एव्हान्सव्हिलच्या नदीकाठच्या गोदीत १६७ एलएसटी बांधल्या गेल्या. उथळ बसणारं जहाज नदीतून मिसिसिपीमार्गे न्यू ऑर्लिन्सपर्यंत तरंगत जाऊ शकत होतं, म्हणून शेतांमधल्या गावांत आरमार घडवता आलं. घाटाचा हाही एक परिणाम, ज्याकडे कमी लक्ष जातं. कुणी हटकून म्हणतं की ३२५ तर फिलाडेल्फियाचं, एव्हान्सव्हिलचं नव्हे. त्या गोदीत युद्धकाळात राबलेल्यांच्या लेकीसुनांनी मात्र या जहाजाला आपलं मानलं आहे, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. आकृती एकच होती, कामाचे हात वेगळे होते. दरवर्षी उन्हाळा सरताना ते नदीवरच्या दुसऱ्या गावांना भेट द्यायला निघतं, आणि लोक त्यावर चढतात.